अण्णा, माझी बाजू नवी केली

अण्णा,

आज केलं.

हॉस्पिटलात तुम्ही विचारलंत तेव्हाही मी "केलं" असंच म्हणाले होते, पण तेव्हा केलेलं नव्हतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, "आणि माझी बाजू? राहिली का?" मी म्हणाले, "राहिली. दोन्ही आहेत." तुम्ही नाकावरचा मास्क बोटानं जरा उचललात आणि म्हणालात, "बघ. दोन वर्षं उगाच घाबरलीस." तेवढ्यानंही तुम्हाला धाप लागली. मी मास्क पुन्हा नीट बसवला. त्यानंतर आपलं बोलणं झालंच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला आतल्या विभागात हलवलं आणि तिथून तुम्ही परत आला नाहीत.

म्हणजे मी तुमच्याशी शेवटचं जे बोलले ते खोटं होतं. तुम्ही ते खरं मानलंत आणि बरोबर घेऊन गेलात. गेले तीन आठवडे मला हेच टोचतंय. भेटायला येणारे म्हणतात, सासऱ्याचं फार केलंस हो. मी मान खाली घालते. लाजरी आहे म्हणून सोडून देतात.

आता क्रमानं सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंही लिहिणार आहे. मधली ओळ गाळून लावलेला मजकूर तुम्हाला कधी चालला नाही.

मी लग्न होऊन कोथरूडच्या या दोन खोल्यांत आले तेव्हा तुम्ही अजून छापखान्यात जात होतात. बोटांची टोकं शिशानं काळी, आणि दुपारच्या डब्याला कागदाचा वास. मी लोणी काळभोरच्याही पुढच्या एका वस्तीवरची. चौथी झालेली. पाचवीला दुसऱ्या गावी चालत जावं लागायचं आणि आई म्हणाली, "मग धाकट्याला कोण बघणार हाय?" तिथं माझी शाळा संपली. इंग्रजी तेव्हा पाचवीपासून असायचं, त्यामुळे ए बी सी डीसुद्धा मला शिकवली गेली नव्हती.

मग छापखाना बंद झाला. सगळीकडे संगणक आले आणि अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्यांना काम उरलं नाही. मालकांनी खिळे वितळवायला दिले. तुम्ही पंधरा-वीस दिवस गॅलरीत नुसते बसून होतात. सासूबाई हयात होत्या, त्या म्हणायच्या, "ओरडत नाहीत म्हणून भीती वाटते गं." आणि एक दिवस तुम्ही वही घेऊन बाहेर पडलात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, कॉलेजच्या पोरांबरोबर संगणकाच्या क्लासला. घरी येऊन म्हणालात, "सर माझ्या मुलापेक्षा लहान आहे. पण त्याला काना आणि मात्रा यांच्यात किती जागा सोडायची ते माहीत नाही. उद्या सांगणार आहे त्याला."

पुढच्या खोलीत टेबल आलं, संगणक आला, आणि लग्नपत्रिका, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका लावायचं काम सुरू झालं. मी आतून बघायचे. एका दुपारी तुम्ही पत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा कापलात, त्यावर चौकोन आखून कळफलकावरची अक्षरं लिहिलीत आणि तो ओट्याशी भिंतीला टेकवून ठेवलात.

"भात होईपर्यंत यावर बोटं चालव."

"अण्णा, मी चौथी."

"माझ्या शेजारी तीस वर्षं जो उभा राहून खिळे जुळवायचा तो दुसरी होता. बी.ए. झालेले त्याला ऱ्हस्व-दीर्घ विचारायला यायचे. भाताकडे बघ, उतू जाईल."

सहा महिन्यांत मी तुमच्याइतकी भरभर लावायला लागले. वर्षभरात तुमच्या चुका काढायला लागले. पहिली चूक मी नुसतं बोट ठेवून दाखवली. एका मुलीच्या आजोळच्या गावाचं नाव चुकलं होतं. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. म्हणालात, "छापून गेलं असतं." त्या दिवसापासून शेवटचं वाचन माझ्याकडे आलं.

गिऱ्हाईक आलं की मी भिंतीकडे तोंड करून बसायचे. बोलणं सगळं तुमचं. एकदा एक बाई दारातूनच म्हणाल्या, "आत कोण बसतं हो?"

"ऑपरेटर आहेत."

"बोलत नाहीत वाटतं."

"बोलायचं काम माझ्याकडे आहे. त्या चुका काढतात. तुमच्या मजकुरात आत्तापर्यंत तीन निघाल्यात."

बाई गेल्यावर मी इतकी हसले की मला ठसका लागला. मला इतकं हसताना तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात बहुतेक. तुम्ही मात्र गंभीर तोंडानं म्हणालात, "चार होत्या. एक मी माफ केली."

आपलं गिऱ्हाईक फिरून यायचं. "थोरलीची तुमच्याकडेच केली होती, धाकटीची तशीच करा." तुम्ही जुनी फाइल काढायचात. नवरीचं नाव बदलायचं, तारीख बदलायची, आणि मग तुम्ही खुर्ची जरा पुढे ओढून हळू आवाजात विचारायचात, "मधल्या काळात घरात कुणी...?" ते सांगायचे. मग त्या नावामागे कै. लागायचं आणि नाव निमंत्रकांतून उठून आशीर्वादाच्या जागी जायचं. कधीकधी तो माणूस डोळे पुसायचा. तुम्ही पडद्याकडे बघत राहायचात, त्याला वेळ मिळावा म्हणून. "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" या ओळीखाली जिचं छोटंसं नाव लिहिलेलं, तीच पुढे नवरी होऊन दारात यायची.

हे सगळं तुमच्या बाजूला होतं. जुन्या विंडोजवर, त्या जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅम नव्या कुठल्या विंडोजवर चालत नव्हता, म्हणून तुम्ही ती कधी बदलली नाहीत.

मग मीनल आली. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला, यवतमाळची, हिंजवडीत नोकरीला. बहिणीच्या पत्रिकेचा मजकूर तिनं मेलवर पाठवला आणि आपल्याकडे नुसते चौकोन उमटले. तिनं येऊन बघितलं.

"काका, या जुन्या विंडोजला हे मराठी कळत नाही. याच्याच बाजूला लिनक्स म्हणून दुसरी सिस्टीम टाकून देते. तुमचं तुमच्या जागी राहते."

"म्हणजे एका घरात दोन चुली?"

"हो, पण एका वेळी एकच पेटते."

तुम्हाला ते उत्तर आवडलं. चालू केलं की काळ्या पडद्यावर यादी यायची आणि बाण दाबून कुठे जायचं ते ठरवायचं. जुनी गिऱ्हाइकं तुमच्या बाजूला, मेलवरची नवी माझ्या बाजूला. "माझी बाजू" हा शब्द तुमचाच. मी तर म्हणतही नव्हते तसं. पण तिथं सगळं मराठीत होतं. जतन करा, रद्द करा, मागे जा. पडद्यावरचं सगळंच्या सगळं वाचता येतंय असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नाही. रात्रीच्या भाकऱ्या मात्र दोन जास्त झाल्या.

मग आपलं भांडण झालं, त्याचं कारण तुम्हाला माहीतच आहे. माझ्या बाजूला एक निरोप यायला लागला, नवी आवृत्ती आली आहे म्हणून. खाली दोन बटणं. सुरू करा. आता नको. मी दर वेळी "आता नको" दाबायचे. तुम्ही मागून बघायचात.

"अजून आता नकोच?"

"चाललंय की अण्णा."

"चाललंय म्हणे. तुझ्याकडे कुऱ्हाडे नीट उमटत नाही. त्या आडनावाच्या लोकांनी लग्नं करायचीच नाहीत का?"

मी हसून वेळ मारून नेली, एकदा नाही, दोन वर्षं. खरं कारण असं होतं की मीनलनं पहिल्यांदा ते बसवताना म्हटलं होतं, "जपून करावं लागते काकू, चुकून काकांच्या भागावर टिक पडली तर सगळं पुसून जाईल." ते माझ्या डोक्यात बसलं. पत्रिका तुम्ही सीडीवर उतरवून ठेवल्या होत्या, पण त्या उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपीला बुरशी लागलेली, आणि तो विकणारा माणूस दुकान बंद करून कुठे गेला कुणाला माहीत नाही. म्हणजे एकदा तुमची बाजू गेली की थोरलीसारखी धाकटीची पत्रिका होणं कायमचं बंद. तुमची एवढ्या वर्षांची चौकट न् चौकट गेली. माझ्या हातून.

ते मी एकदाच तोंडानं बोलले, आणि तेही आवाज चढवून. या घरात माझा आवाज चढला तो तेवढाच.

"तुमचं गेलं तर?"

"गेलं तर गेलं. मी किती दिवस बसणार आहे तिथं?"

"असलं बोलू नका."

"मग काय बोलू? माझ्या बाजूला आता नवीन काही चढत नाही शालन. मी आहे तोवर ती आहे. तुझी वाढणारी आहे. तिला माझ्यापायी अडवून ठेवू नकोस."

"मी नाही करणार."

"हट्टी आहेस."

"तुमच्याकडूनच शिकले."

आणि मी उठून आत गेले. दोन दिवस आपण एकमेकांशी बोललो नाही. तुम्ही ह्यांना सांगायचात, "तिला सांग, चहात साखर कमी आहे." हे मला सांगायचे, "अण्णा म्हणतात साखर कमी आहे." मी म्हणायचे, "त्यांना सांगा, डॉक्टरांनी सांगितलीय तेवढीच आहे." हे बिचारे पहाटेपासून कंपनीची बस हाकून आलेले, ते म्हणाले, "तुम्ही दोघं एका खोलीत बसलाय. मी मध्ये उभा राहून भाडं घेऊ का?" तेव्हा तुम्ही आधी हसलात. पण वाद मिटला नाही. तुमचं म्हणणं तुमच्याकडे राहिलं आणि माझं माझ्याकडे.

असे आपले आणखीही वाद राहिले. सातवीची परीक्षा बाहेरून द्यायचा फॉर्म तुम्ही तीनदा आणलात. तिन्ही वेळा मी तो गव्हाच्या डब्याखाली सारला. परीक्षेला मुलांमध्ये बसायचं या कल्पनेनंच मला घाम फुटायचा. तुम्ही अठ्ठावन्नाव्या वर्षी बसला होतात, हे तुम्ही मला एकदाही ऐकवलं नाहीत. ऐकवलं असतंत तर कदाचित मी गेले असते. किंवा नसतेही गेले. आता कळायला मार्ग नाही.

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "उत्तरकार्याचं कळवायला पाहिजे. बाहेरून करून आणू का?" मी म्हणाले, "नको." तुमच्या बाजूला गेले. दुःखद निधनाची तुमची चौकट होती, बारीक टायपातली. मोठा टाइप मागणाऱ्यांना तुम्ही सांगायचात, "बातमी मोठी आहेच, अक्षर कशाला मोठं करता?" मी ती उघडली. जागा मोकळ्या होत्या. तुमचं नाव घातलं. वार, वेळ, ठिकाण. निमंत्रकांत ह्यांचं नाव. मग नेहमीसारखं शेवटचं वाचन केलं, आणि एक चूक निघाली. तुमच्या नावामागे मी श्री. घातलं होतं. ते काढून कै. घालायला मला फार वेळ लागला, अण्णा.

आज सकाळी हे हिंजवडीला गेल्यावर मी माझी बाजू उघडली. निरोप आलाच होता. सुरू करा, आता नको. देवाला दिवा लावला होता, तुमच्या फोटोला हार होता. मी फोटोकडे बघितलं नाही. "सुरू करा" दाबलं.

मला वाटत होतं, जे तुम्हाला सांगितलं ते निदान खरं तरी करावं. दोन्ही राहिल्या तर माझं खोटं तीन आठवड्यांनी का होईना, खरं होईल. आणि तुमची गेली, तर मी तुम्हाला फसवलंही आणि तुमचं घालवलंही.

तीन तास चाललं. मी हलले नाही. पोटात काही नव्हतं. मध्ये एकदा थांबून त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला अक्षरं ओळखू येतात, पण कळांवर मोठी असतात आणि पडद्यावर बारकी, म्हणून वेळ लागतो. कुठल्याशा फाइलबद्दल होतं. ती जुनी ठेवायची का नवी घ्यायची, एवढं तुमच्या बाजूला रोज दिसणाऱ्या दोन-तीन शब्दांवरून लागलं. मीनलला विचारायचं होतं, पण ती त्या वेळी मीटिंगमध्ये असते. मी मनात म्हटलं, अण्णा दोन वर्षं नवी कर, नवी कर म्हणून मागे लागले होते. नवी.

संपलं. बंद झालं, चालू झालं. मी यादीची वाट बघत होते. काळा पडदा आला आणि गेला. यादी आलीच नाही. सरळ माझी बाजू उघडली. मराठी सुंदर उमटलेलं, सगळी जोडाक्षरं जागच्या जागी. मी बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. चार वेळा. तुमच्याकडे जायला वाटच नव्हती.

हे दीडच्या सुमाराला जेवायला आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते. स्वयंपाक झाला नव्हता.

"काय झालं गं?"

"अण्णांचं गेलं."

"अण्णांचं काय गेलं?"

मी सगळं सांगितलं. संगणकाचं सांगितलं आणि हॉस्पिटलातलंही सांगितलं. हे दारातच उभे. पायात चपला तशाच.

"तू अण्णांशी खोटं बोललीस? तू? तुला दूधवाल्याशी खरं बोलताना घाम फुटतो!"

आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता खुर्चीवर, तुमच्याच खुर्चीवर, बसून रडायला लागले. तुम्ही गेल्यापासून ते रडले नव्हते, अण्णा. सगळे म्हणत होते, मुलगा घट्ट आहे. मी उठून त्यांना पाणी दिलं. मग त्यांनीच मीनलला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"काकू, रडता काऊन? मध्ये काही विचारलं होतं का त्यानं?"

"जुनी का नवी असं विचारलं. मी नवी म्हटलं."

"तेच तर. काहीच गेलं नाही काकू. काकांचा भाग जागेवर आहे. नुसतं यादीतलं नाव गेलं. ती यादीचीच फाइल होती. आपण तिच्यात हाताने बदल केला होता न, म्हणून त्यानं विचारलं."

"आपण कधी केला?"

"मी केला होता. काकांनी सांगितलं म्हणून. तुम्हाला बोलले नाहीत का ते?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी पहिल्यांदा टाकलं तेव्हा काकांचंच पुढे ठेवलं होतं. काही नाही दाबलं तर दहा सेकंदांनी त्यांचं उघडायचं. आठ दिवसांनी ते वर आले माझ्याकडे, जिना चढून. म्हणे, तिला स्वयंपाकातून हात पुसत यावं लागतं, ओल्या हातानं बाण कुठे दाबणार. तिचं आपोआप उघडू दे. मी मोकळा असतो, माझं मी दाबीन. आणि तिला सांगू नको, ती बदलायला लावेल."

अण्णा, मला वाटायचं यंत्रच तसं आहे. मी तुम्हाला कितीदा म्हणाले असेन, "हे परत माझंच उघडलं हो." आणि तुम्ही म्हणायचात, "त्याला कळतं कामाचं माणूस कोण ते." सकाळी मी ओट्याशी असताना तुम्ही टेबलाशी उभे दिसायचात, चष्मा कपाळावर, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा कळफलकावर. मला वाटायचं, म्हातारपणी गुडघे धरतात, बसायला वेळ लागतो. तुम्ही दहा सेकंदांत तुमची बाजू पकडत होतात. रोज सकाळी. इतकी वर्षं. एखाद्या दिवशी चुकून माझी उघडलीच तर सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

मी दोन वर्षं तुमची बाजू जपली म्हणून मनातून स्वतःला मोठी समजत होते. तुम्ही त्याच्याही आधीपासून माझी जपत होतात आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हतात.

मीनल फोनवर सांगत गेली, मी टाइप करत गेले. एकेक अक्षर. हे शेजारी उभे राहून वाचून दाखवत होते, "एच... डी... आता शून्य." मग ती म्हणाली, "इथे नाव द्या. यादीत जे दिसायला पाहिजे ते. इंग्रजीत लागेल."

"आधी काय होतं?"

"आधी विंडोज असंच होतं. तुम्ही काहीही देऊ शकता."

मी ए दाबला. मग एन, पुन्हा एन, पुन्हा ए. तुमचं नाव इंग्रजीत मी पहिल्यांदाच लिहिलं.

"झालं?" मीनल म्हणाली. "आता शेवटचं सांगा काकू. आपोआप कुणाचं उघडायचं?"

माझ्या ओठांवर आलं होतं, अण्णांचं. मी तेच म्हणणार होते. सून म्हणून तेच शोभलं असतं, आणि मला तेच सोपंही होतं. हेही मान हलवत होते, अण्णांचं ठेव म्हणून. मग मला तुम्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत गेलेले दिसलात. त्या गुडघ्यांनी. मी बदलायला लावेन म्हणून मला न सांगता.

"माझं," मी म्हणाले.

"काय म्हटलं काकू? आवाज नाही आला."

"माझं. माझं आपोआप उघडू दे."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी पडद्याकडे बघत होते, पण भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं नाही.

बंद करून चालू केलं. यादी आली. वर माझ्या दोन ओळी, खाली तुमचं नाव. मी बाण दाबला, तुमच्या नावावर आले आणि आत गेले. तुमची बाजू हळूहळू उघडली, नेहमीसारखी कुरकुरत. पत्रिका आहेत. चौकटी आहेत. प्रोग्रॅम उघडतो. मी एकेक करून दहा-बारा फाइली उघडून बघितल्या, सगळ्यांत मजकूर आहे.

तर अण्णा, केलं. तुमची बाजू राहिली. दोन्ही आहेत. हॉस्पिटलात सांगितलं तेव्हा हे खोटं होतं, त्याची तुम्ही मला क्षमा करा. आज सांगतेय ते खरं आहे, ह्यांनीही बघितलंय.

हे मी माझ्या बाजूला लिहितेय. संध्याकाळी एक जण येणार आहे, थोरल्याची पत्रिका आपल्याकडे झाली होती, आता धाकट्याची तशीच हवी आहे. त्याच्याशी मलाच बोलावं लागेल. मधल्या काळात घरात कुणी गेलं का, तेही मलाच विचारावं लागेल. तो यायच्या आधी संगणक पुन्हा चालू करून तुमच्या बाजूला जायला हवं. दहा सेकंद असतात. हात कोरडे करून, टेबलाशी उभी राहून बाण दोनदा दाबायचा. मग बसायचं.